संशय थोरल्यावर

रहस्यकथेचा शेवट कुणाला सांगायचा नाही हा नियम सगळ्यांना मान्य असतो, आणि तो मोडायला सगळेच टपलेले असतात. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या 'द माउसट्रॅप' नाटकात पडदा पडताना प्रेक्षकांना विनवतात, की बाहेर जाऊन खुनी कोण ते फोडू नका. वाचनालयाच्या पुस्तकाला अशी विनवणी करायची सोय नसते. आमच्या वाचनालयातल्या ॲगाथा ख्रिस्तीच्या 'हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस'च्या प्रतीत कुणा सद्गृहस्थाने एका नावापुढे पेन्सिलीने बाण काढून समासात 'हाच!' असं लिहून ठेवलंय. दोन प्रकरणांनंतर तो बाण दुसऱ्याच माणसाकडे वळतो आणि उद्गारचिन्हं दोन होतात. पुढे 'ही??'. त्याखाली निळ्या बॉलपेनने दुसऱ्याच कुणाचा तरी शेरा आहे : 'आधी पूर्ण वाचा, मग लिहा.' यातला एखादा बाण लागला की नाही, ते मी सांगणार नाही.

कादंबरी १९३८ची. सिमिऑन ली हा गडगंज म्हातारा. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर पैसा केलेला, बायकोला जन्मभर छळलेलं. एकमेकांची तोंडं न पाहणारी आपली मुलं तो नाताळला घरी बोलावून घेतो. आल्फ्रेड बापाजवळ राहून त्याच्या शब्दाबाहेर न जाता चाळिशी ओलांडलेला. जॉर्ज खासदार, पण खर्चाला पैसे अजून बापाचेच. डेव्हिड चित्रकार, आईच्या मरणाचं खापर बापावर फोडून घराबाहेर पडलेला. आणि हॅरी, दुसऱ्याचे पैसे उचलून पळालेला, जग उंडारून हसतमुखाने परत आलेला. मुलं समोर असतानाच म्हातारा फोनवर वकिलाला सांगतो, की नवीन मृत्युपत्र करायचंय. त्याच रात्री वरच्या मजल्यावर फर्निचर कोसळल्याचे आवाज, एक भयानक किंकाळी, दार आतून बंद, आणि दार फोडल्यावर सगळीकडे रक्तच रक्त.

इथून पुढे वाचकाने पुरावे गोळा करायला लागावं, अशी लेखिकेची अपेक्षा. आमच्या वाचनकट्ट्यावर चर्चा झाली ती मृत्युपत्रावर.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सुरुवातीलाच निकाल दिला. "मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित असती तर गोष्ट वेगळी. तो कुणालाही देऊ शकतो." यावर एका काकूंनी, ज्या एरवी फक्त चहाच्या वेळी बोलतात, विचारलं, "आणि थोरल्या सुनेने इतकी वर्षं सासऱ्याचं केलं, ते कुठल्या कलमात बसवणार?" मग इंग्लंडचा कायदा मागे पडला आणि नाशिकची कुठलीशी जमीन, बहिणींचं हक्कसोडपत्र, आईच्या पाटल्या कुणाकडे गेल्या, असं सगळं निघालं. बंद दाराआडचा मृतदेह तासभर तसाच पडून राहिला.

गंमत पुढेच आहे. कुणाला कुणाचा संशय आला हे विचारत गेलो, तर पुराव्याचा त्याच्याशी फारसा संबंध दिसेना. ज्यांनी घरी राहून आईवडिलांचं म्हातारपण काढलं, त्यांचा हॅरीवर ठाम संशय. "इतक्या वर्षांनी आला, आणि आल्या आल्या हे?" उलट न्यू जर्सीत मुलाकडे सहा-सहा महिने राहणारे एक इंजिनिअर, जे स्वतः विशीतच घर सोडून निघाले होते, आल्फ्रेडकडे बोट दाखवत होते. "जो माणूस इतकी वर्षं बापाला उलट शब्द बोलत नाही, त्याच्या पोटात काय काय साठलं असेल!" जॉर्जवर संशय घेणारे सगळे मधले भाऊ निघाले. त्याचं कारण मला अजून लागलेलं नाही.

ख्रिस्तीला हे पक्कं ठाऊक असणार. पुस्तकात गुप्तहेर पॉयरो पोलीसप्रमुख कर्नल जॉन्सनपुढे नाताळाबद्दल आपलं मत मांडतो. वर्षभर लांब राहिलेली माणसं सणाला एका छपराखाली येतात, गोड वागायचं म्हणून गोड वागतात, आणि त्या वागण्याचा ताण कुठेतरी फुटतो. कर्नलला हे पटत नाही. गणपतीला गावच्या घरी जाणाऱ्यांना मात्र ते समजावून सांगावं लागत नाही. आरतीला दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे असतात, सूर एकच असतो, आणि मधेच एक जण आपल्या बायकोला म्हणतो, "त्यांना सांग, कापूर संपलाय." 'ते' टाळ वाजवत दोन फुटांवर उभे असतात.

ख्रिस्तीचा हा सगळा व्यवसायच मुळी घरगुती होता. तुला रहस्यकथा जमायची नाही, असं थोरली बहीण मॅज हिने डिवचलं म्हणून तिने पहिली लिहिली. मॅजचा नवरा जेम्स हा तर तिचा निष्ठावान वाचक, पण एक तक्रार त्यालाही होतीच. तुझे खून हल्ली फार नाजूक होत चाललेत, चांगला रक्ताने माखलेला एखादा होऊ दे, ही त्याचीच फर्माईश. ती पुरवूनच हे पुस्तक त्याला अर्पण केलंय. आणि भाऊ माँटी? पूर्व आफ्रिकेतून आजारी होऊन परतला, तेव्हा आईच्या घराच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आसपास पिस्तूल झाडायचा, का तर नेम चांगला राहावा म्हणून. शेवटी दोघी बहिणींनी डार्टमूरला एक घर घेऊन त्याची सोय लावली. ती हकीकत तिने आत्मचरित्रात लिहिलीय, आणि त्यात रागापेक्षा कौतुकच जास्त आहे. हॅरी असा लोभस का उतरला, हे त्यावरून मला तरी कळल्यासारखं वाटतं. समीक्षक काही म्हणोत.

समीक्षकांचं म्हणाल तर एडमंड विल्सनने १९४५ साली वैतागून विचारलं होतं, की रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला आहे? ख्रिस्तीची ही ॲक्रॉइडवरची कादंबरी १९२६ची. तिच्या शेवटावर तेव्हाचे काही वाचक बिथरले होते, आम्हाला फसवलं म्हणून. पर्वा करणारे त्यानंतरही निघालेच. पिएर बायार नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १९९८ साली अख्खं पुस्तक लिहून दाखवून दिलं, की ॲक्रॉइडच्या खुनाचा पॉयरोने लावलेला छडाच चूक आहे, खुनी दुसराच आहे.

हे मी कट्ट्यावर सांगितलं, ते सांगायला नको होतं असं आता वाटतं. त्या चहावाल्या काकूंनी तो धागा लगेच पकडला. त्यांच्या मते नाताळच्या पुस्तकातही पॉयरोने भलत्यालाच धरलंय. "त्याला काय कळतंय भावाभावांतलं? त्याला होता का भाऊ?"

बँकवाल्यांनी चष्मा वर केला. "होता ना. अशील. १९२७च्या 'द बिग फोर'मध्ये येतो. म्हणजे तो पॉयरोच असतो वेष पालटून. शेवटी मोकळेपणाने सांगतो, की असा भाऊ कधी नव्हताच."

"म्हणजे काम होतं तोवर भाऊ," काकू म्हणाल्या, "आणि काम झाल्यावर कोण तो? आमच्या धाकट्या दिरांचं अगदी हेच."