वर एक पँट द्या

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल, तर जुनी शेवटपर्यंत दाखवायची नाही, हे मला पाठ होतं. आधी नवीची ऑन रोड किंमत ठरवायची, सूट कागदावर घ्यायची आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणायचं, "अरे हो, आमची एक जुनी आहे." या मुत्सद्देगिरीपोटी मी आमची वॅगन आर शोरूमच्या अलीकडे, एका मंगल कार्यालयाच्या आड लावली आणि बायकोसह चालत आत शिरलो. सेल्सच्या पोराने पाणी पुढे केलं. म्हणाला, "काका, गाडी कार्यालयापाशीच लावलीय ना? सगळे तिथेच लावतात. माणूस पाठवतो बघायला."

त्यातलं 'काका' जास्त लागलं.

खरं तर हा व्यवहार आपल्या रक्तात आहे. एक्सचेंज ऑफर यायच्या कितीतरी आधी आपल्या दारात बोहारीण यायची. आई आधी डबा पसंत करायची, त्याला टिचकी मारायची, "पत्रा पातळ आहे" असा शेरा द्यायची आणि मग आतून वडिलांचा एक सदरा आणायची. एकच. बोहारीण तो उजेडात धरून कॉलर, काखा, कोपर तपासायची आणि बाजूला टाकायची. मग एक सहावारी. बोहारणीची मान नाहीच. शेवटी ती पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरू लागायची आणि आई गप्प. "ये गं" नेमकं कितव्या पायरीवर म्हणायचं, हे ज्ञान आईने कुणालाच दिलं नाही. डबा घरात आला तरी बोहारीण उंबऱ्याशी बसूनच असायची. "वहिनी, वर एक पँट द्या." पँट जायची. वडिलांना ती दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना आठवायची. आमच्याकडे एका कढईला अजूनही 'लग्नातला कोट' म्हणतात. पण आईचा हिशेब साधा होता. घरातून काय गेलं आणि घरात काय आलं. कपड्याची किंमत वेगळी आणि डब्याची वेगळी, असं ती बोलूच द्यायची नाही.

शोरूममध्ये नेमकं तेच वेगळं काढतात. जुनीचे 1,40,000, एक्सचेंज बोनस 25,000, नवीवर सूट 20,000. मी करड्या आवाजात म्हणालो, "जुनीचे वीस हजार वाढवा." पोरगा मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आला आणि चक्क वाढवले. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती कागदाकडे पाहत होती. नवीवरची सूट उडाली होती.

"वरचे किती द्यायचे, ते एका आकड्यात सांगा," ती म्हणाली. त्यानंतर तो पोरगा माझ्याशी बोललाच नाही. तिला मात्र 'मॅडम' म्हणत होता.

तेवढ्यात गाडी बघायला गेलेला माणूस परत आला. त्याच्याकडे पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजणारा मीटर होता. डावं दार पुन्हा रंगवलेलं, टायर संपलेले, इंजिन दमलेलं. मी म्हणालो, "फर्स्ट ओनर आहे, सिंगल हँड. शिवाय साहित्य संमेलनाचे एक माजी अध्यक्ष या गाडीत बसलेत." त्याने विचारलं, "मागच्या सीटवर डाग कशाचा?"

अध्यक्षांच्याच चहाचा होता. त्याचेही पैसे कापले गेले.

नव्या विम्याच्या कागदावरही बायकोने बोट ठेवलं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम केला नसेल, तर गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते आणि ती नव्या गाडीला लावून घेता येते. ती आमच्या कागदावर नव्हतीच. मागितल्यावर आली.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. गाडी गेली, चावी गेली, आरसी बुकावर नाव मात्र आपलंच. "ट्रान्स्फर होऊन जाईल, काका." कधी, कुणाच्या नावावर, ते कुणी सांगत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात विकली गेली होती, तरी ज्याच्या नावावर नोंदणी, भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्या अपघातात एक मूल गेलं होतं. ते वाचल्यापासून मला 'होऊन जाईल' हे शब्द सहन होत नाहीत. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ घालून मी पोच लिहून मागितली, तेव्हा पोरगा असा बघायला लागला, की जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय. पोच मात्र मिळाली.

आता मी रोज सकाळी परिवहनच्या ॲपवर जुन्या गाडीचा नंबर टाकतो. अजून माझंच नाव दिसतं. मी चिडतो, शोरूमला फोन करतो आणि फोन ठेवल्यावर, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं.

परवा ई-चलनाचा मेसेज आला. सोलापूर रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडली. ताशी 118. सोबत फोटो, त्यात आमचीच गाडी, डाव्या दारासकट.

"आता तरी तक्रार करणार का?" बायकोने विचारलं.

"करतो ना. पण आधी त्या मीटरवाल्याचा नंबर दे. दमलेलं इंजिन म्हणाला होता."