चान्स आहे का हो?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीचा निकाल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत लागतो. ९५.४१२७३०८, असा. यान चंद्रावर उतरवतानाही एवढी काटेकोर मोजणी होत असेल, पण इस्रोच्या शास्त्रज्ञांना निकालाच्या संध्याकाळी आत्याचा फोन येत नाही. आत्या सातही आकडे ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे पंच्याण्णव टक्के! मग सीओईपीचा चान्स आहे ना?"

पंच्याण्णव टक्के नव्हेत, पर्सेंटाइल. दोनशेपैकी गुण किती पडले हे निकालपत्रावर नसतंच. किती जण मागे राहिले एवढंच असतं. पंच्याण्णव टक्के पोरं मागे पडली हे खरं, पण पाच टक्के पुढे आहेत. २०२५ साली पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. त्यांचे पाच टक्के म्हणजे वीस हजारांवर डोकी. सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९.९च्या वर बंद होतं, म्हणजे दार लागतं ते साधारण चारशेव्या डोक्यापाशी. हे गणित निकाल लागलेली पोरगी पाणी पिता पिता करते. पण तिला विचारतो कोण? घरात मोठी माणसं चान्सबद्दल बोलत असतात.

चान्स सांगणं हा आता जून-जुलैतला हंगामी धंदा आहे. ज्योतिष्याला निदान जन्मवेळ लागते. प्रवेश समुपदेशकाला मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ पुरते. ती पीडीएफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि नेमकी म्हणूनच कुणी उघडत नाही. तीच माहिती कुणी एसी ऑफिसात बसून, पावती फाडून वाचून दाखवली की तिला मार्गदर्शन म्हणतात. या शास्त्रात चान्सच्या अवस्था मोजक्याच. "होऊन जाईल" म्हणजे तुम्हाला स्वतःलाही जे माहीत होतं ते. "बॉर्डरवर आहे" म्हणजे नाही. आणि "शेवटच्या राउंडला बघू" म्हणजे फी परत मिळणार नाही.

ज्यांना समुपदेशक परवडत नाही त्यांना मामा असतात. मामा ती पीडीएफ प्रिंट काढून आणतात आणि दिवाणखान्यात अंथरतात. तिच्यात 'जीओपीईएनएच', 'एलओपीईएनएच' असे रकाने असतात. मामांच्या मते 'एल' म्हणजे लोकल आणि 'एच' म्हणजे हॉस्टेल. पोरगा लोकल आहे, हॉस्टेल नको आहे, तेव्हा कटऑफ आणखी खाली येईल, असा त्यांचा अंदाज. 'एल' हा मुलींच्या राखीव जागांचा रकाना आहे आणि 'एच' म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतला उमेदवार, हे भाच्याला ठाऊक असतं. मामा मात्र लेडीजच्या कटऑफवर भाच्याची सीट पक्की करून, चहा पिऊन निघून जातात.

(आरक्षित गटांतल्या बऱ्याच मुलांचा चान्स मामांच्याही हातात नसतो, तो सेतू केंद्रात नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची वाट बघत उभा असतो. त्यावर विनोद सुचत नाही.)

आता ऑप्शन फॉर्म. त्यात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आमच्याकडे लग्न ठरवताना एवढी स्थळं बघत नाहीत. अट एकच, आवडीचा पर्याय वर, नावडीचा खाली. एवढी सरळ अट मराठी घराला पचणं अवघड. इथे मनातलं पहिलं कुणी पहिलं सांगत नाही. मामा म्हणतात, "वरती सेफ कॉलेज टाक. एकदा सीट हातात आली की मग मोठ्याकडे बघू." हा कावा कधीकाळी खपूनही गेला असेल. २०२५पासून राउंड चार झाले आणि नियम कडक झाला. पहिल्या राउंडला एक नंबरचा पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनांतला लागला तरी तेच, तिसऱ्याला पहिल्या सहांतला. नाही घेतला तर पुढच्या राउंडला तुम्ही नाही. म्हणजे मामांचं सेफ कॉलेज लागतं, आणि त्या पोरापुरता प्रवेशाचा हंगाम पहिल्याच राउंडला आटोपतो. गुणवत्ता यादीत वर असूनही खालचं कॉलेज मिळवण्याची ही सोय सरकारने केलेली नाही, ती घरगुती आहे.

कॉलेजबद्दल निदान वाद होतो, शाखेबद्दल तोही होत नाही. शाखा कॉम्प. ती नाही मिळाली तर कॉम्पसारखी. २०२४पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढल्यावर कॉम्पच्या जागा वाढल्या, आणि नावंही. 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी' ही एकच शाखा आहे, बरं का. एवढं नाव लग्नपत्रिकेत बसवायचं तर मुलीकडच्यांची नावं गाळावी लागतील.

सिव्हिलचं नाव काढलं की घरात सुतकी शांतता. सीओईपी १८५४ साली सुरू झालं ते बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे बांधणारी माणसं हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या याच कॉलेजातून सिव्हिल शिकून बाहेर पडले. पुढे खडकवासला धरणाला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली बसले. पुणं अजून त्या धरणाचं पाणी पितं, आणि १५ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घालून अभियंता दिन साजरा करतं. आज ते सीटचं पत्र घेऊन घरी आले असते तर मामांनी खांद्यावर हात ठेवला असता, "सिव्हिल का? असू दे, पुढच्या राउंडला बघू."

राहता राहिला मूळ प्रश्न. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची जागा दुर्मीळ राहिलेली नाही. देणगी घ्यायला १९८७च्या कायद्याने बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे व्यवस्थापन कोट्याची चौकशी केलेल्या बापाला विचारा. सगळे राउंड संपल्यावरही दरवर्षी हजारो जागा रिकाम्या असतात. खुल्या गटातल्या मुलाला बारावीला पीसीएममध्ये ४५ टक्के हवेत आणि सीईटीत शून्य नको. तेव्हा इंजिनिअर होण्याचा चान्स शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ आहे, आत्याला तसं कळवून टाका. चार-पाच कॉलेजांतल्या एकाच शाखेचा चान्स तेवढा नाही, आणि तो चर्चेने वाढत नाही.

या जुलैत फॉर्म भराल तेव्हा एक नंबरला काय टाकायचं ते ज्याला चार वर्षं तिथे बसायचं आहे त्याला विचारा, आणि कन्फर्म करण्याआधी ती पहिली ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. मामा त्या दिवशी गावाला गेलेले बरे.