हरलेल्या लढाईचं संगीत

अजय-अतुल यांचं ‘पानिपत’चं संगीत दुर्लक्षित राहिलं का, या वादात आपला निकष सोपा असतो : लढाई कोण जिंकलं? १७६१ साली मराठे हरले, डिसेंबर २०१९ मध्ये त्याच लढाईवरचा गोवारीकरांचा सिनेमा तिकीटबारीवर हरला. मग वाद्यवृंदाने तरी का जिंकावं? महिनाभरात ‘तान्हाजी’ आला, गड आणि गल्ला दोन्ही घेऊन गेला, आणि त्यातले ढोल आपोआप सुरेल ठरले. याच अजय-अतुल भावांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा आपली छाती फुगली होती. म्हणजे व्हायोलिनं आपल्याला चालतात, फक्त सिनेमा चालला पाहिजे.

कुणी म्हणेल, दमदार संगीत सिनेमा पडला तरी तरतं. गाणी तरतात, हे खरं. ‘हकीकत’ या युद्धपटातली मदनमोहन यांची गाणी १९६४ पासून ऐकली जातायत, पण त्यातल्या युद्धप्रसंगांमागे काय वाजतं, ते गुणगुणून दाखवा! पार्श्वसंगीताला स्वतंत्र आयुष्य नसतंच. ते पडद्याबरोबरच जळतं. गोंदियाकडच्या झाडीपट्टी नाटकांत निदान ऑर्गन-तबलावाले प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर बसतात. नाटक पडलं तरी हात कुणाचा चांगला होता, हे दिसतं. मल्टिप्लेक्सात वादकांची नावं वर सरकू लागली, की लोकांना पार्किंग आठवतं.