भूमध्य समुद्राची गिरदावरी

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव नरहर कुरुंदकरांच्या आडनावावाटे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले, आणि त्या आडनावाचा मान राखण्यासाठीच की काय, गावात बिनवादाची अशी एकही गोष्ट उरलेली नाही. शेताचा धुरा, पाणंद, हळदीचा भाव, टोकाईच्या गडामागून पाऊस आधी कोणत्या अंगाने येतो, हे सर्व प्रश्न सायंकाळी पारावर दाखल होतात आणि सहसा निकाली निघत नाहीत. अशा पारावर निवृत्त पटवारी हा इसम असावाच लागतो. सरकारने त्याला तलाठी म्हटले; गावाने मात्र निजामी अमलापासून चालत आलेला जुना किताब कायम ठेवला. अलीकडे या वर्गात एक पोटजात निपजली आहे, ती म्हणजे मुलाकडे परदेशी जाऊन आलेला पटवारी. आमचे अप्पा या पोटजातीचे शिरोमणी होत.

अप्पांचा मुलगा जर्मनीत नोकरीला. आई-बापांस भूमध्य समुद्राचा किनारा दाखवावा असे त्याने मनावर घेतले. परंतु हॉटेलातले अन्न काकूंच्या घशाखाली उतरणार नाही, हे पुरते ओळखून असल्यामुळे त्याने पंधरा दिवसांसाठी एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. साडेतीन टनांच्या त्या वाहनात शेगडी, मोरी, कपाट, शौचकूप आणि बिछाना अशी सर्व व्यवस्था एका दहा फुटी खणात कोंबलेली होती. रात्रीचा बिछाना दुमडला की सकाळी तेथेच जेवणाचे मेज उभे राही, आणि अप्पांना उशिरा उठण्याची सवय असल्याने पहिले दोन दिवस त्यांचा चहा जवळजवळ त्यांच्या अंगावरच मांडण्यात आला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच, असा अभिप्राय अप्पांनी नोंदविला. काकू गाडी आतून-बाहेरून न्याहाळून एवढेच म्हणाल्या, "कारखान्याच्या टोळीतल्या बाया असाच ट्रॉलीत संसार घालून येतेत की. त्यांना कुणी समुद्र दाखवित न्हाई." ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वाक्यावर हसणे जड जाते; मुलालाही गेले असावे, कारण त्याने लगेच पाण्याच्या टाकीचे परिमाण समजावून सांगण्यास आरंभ केला.

टाकीत शंभर लिटर पाणी मावते आणि ते चौघांना जेमतेम दोन दिवस पुरते, असे सूनबाईंचे मत. टँकरच्या पाळीवर मुले वाढविलेल्या काकूंनी तेच पाणी तांब्या तांब्याने मोजून पाच दिवस पुरविले आणि वर सहाव्या दिवशी अप्पांची दाढी केली. वाद उपस्थित झाला तो सांडपाण्यावरून. वापरलेले पाणी गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साचते आणि ते ठरलेल्या तळावरील ठरलेल्या जाळीतच ओतावे लागते, असा तिकडचा दंडक. "अवं, आंघोळीचं पाणी झाडाला न्हाई तर काय जाळीला घालायचं?" हा काकूंचा सवाल. अप्पांनी आयुष्यात प्रथमच सरकारची बाजू सोडून कुटुंबाच्या बाजूने शेरा मारला.

कारण अप्पा सर्वत्र शेरे मारीत हिंडत होते. बरोबर लाल कापडाच्या रुमालात बांधलेली एक वही होती, आणि तीत रकाने आखलेले होते: मौजे, जमिनीची प्रत, पीक, पाण्याचा प्रकार, शेरा. रोन नदीच्या मुखाशी कामार्गचा खारवट प्रदेश लागतो. तेथे नदीचे गोडे पाणी खाचरांत तुंबवून जमिनीचा खार खाली दाबतात आणि त्यावर भात काढतात. इतर प्रवासी तेथे रोहित पक्ष्यांचे थवे पाहतात. अप्पांनी पक्ष्यांकडे पाठ करून बांधाची रुंदी पावलांनी मोजली. खाडीपलीकडे एग-मोर्तची मिठागरे. तेथे काकूंनी जाड मिठाची एक पिशवी घेतली. "मीठ घरी न्हाई का?" असे अप्पांनी विचारले, त्याचे उत्तर तेव्हा मिळाले नाही.

आर्ल गावाच्या तळावरील रात्र मात्र इतिहासात नोंदण्यासारखी झाली. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडचा मिस्त्रल नावाचा कोरडा, गार वारा सुटतो, आणि तो सुटला म्हणजे उंच पाठीची गाडी पाळण्यासारखी झुलू लागते. मध्यरात्री ती झुलली. आता ज्या मुलखात जमिनीतून गूढ आवाज येणे ही नित्याची बाब, आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के ज्याने दहा-बारा मिनिटांच्या अंतराने अंगणात उभे राहून सोसले, त्या मुलखातील मनुष्य वाऱ्याचा विचार कशाला करील? "भूकंप! बाहेर व्हा!" अशी आरोळी ठोकून अप्पा धोतर सावरीत मोकळ्या जागेवर जाऊन उभे राहिले. मागोमाग काकू, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिखट-हळदीचा डबा. शेजारच्या गाडीतील वृद्ध जर्मन दाम्पत्याने हा प्रकार पाहिला आणि जे काही आहे ते गंभीर असले पाहिजे, अशा समजुतीने तेही पांघरुणे लपेटून रांगेत येऊन उभे राहिले. चौघेजण त्या झंझावातात अर्धा तास धरणीमातेच्या पुढील हालचालीची वाट पाहत होते. तिने अर्थातच कोणतीही हालचाल केली नाही. सकाळी जर्मन बाईने स्नेहादाखल ऑलिव्हची एक बरणी दिली. काकूंनी एक फळ चाखले, उरलेली सूनबाईंच्या स्वाधीन केली आणि बरणी स्वच्छ धुऊन उन्हात वाळत ठेवली.

मार्सेय बंदरात मराठी मनुष्य का थांबतो हे सांगणे नलगे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून येथे उडी घेतली, किनारा गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. इतरांचे डोळे तेथे पाणावतात; अप्पांचेही पाणावले, परंतु मनात प्रश्न उठला तो हद्दीचा. इसम फ्रेंच जमिनीवर आला, सबब अटक कोणाच्या अमलात झाली? मुलाने सांगितले की हा तंटा हेगच्या लवादापुढे गेला होता, आणि २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात अटक आणि हवाली करण्यात अनियमितता झाल्याचे मान्य करूनही इंग्रजांनी कैदी परत देण्याचे कारण नाही, असे ठरले. अप्पा बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे अतिक्रमण कबूल, पण ताबा सोडायचा न्हाई. हा निकाल लिहिणारा आपल्या तालुक्यात राहून गेला असला पाहिजे."

पुढे नीस. १८६० पर्यंत ते सार्डिनियाच्या राज्यात होते, मग फ्रान्सकडे आले, हे ऐकून अप्पांना त्या शहराविषयी एकदम आपुलकी वाटली. कारण कुरुंदा स्वतः तसूभर न हलता निजामाच्या राज्यातून मुंबई राज्यात, तेथून महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोलीत गेलेले. मोनॅकोचे संपूर्ण राज्य सुमारे २०८ हेक्टर, म्हणजे ५१४ एकर. शेरा: 'एका सज्ज्यात असली चार-पाच राज्ये सहज बसतील. स्वतंत्र पटवाऱ्याची गरज दिसत नाही.'

इटलीच्या सीमेलगत मांतों नावाचे गाव आहे. तेथील लिंबे त्या किनाऱ्यावर नावाजलेली. काकूंनी एक लिंबू नाकाशी धरले, नखाने साल किंचित खरवडली, पुन्हा हुंगले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर प्रवासाचे समाधान दिसले. दोन किलो लिंबे, एग-मोर्तचे मीठ, घरून नेलेली वसमतची हळद आणि तिखट, असा ऐवज जर्मन बरणीत भरला गेला. मोहरी-हिंगाची फोडणी पडताच गाडीतील धुराची घंटा जी किंचाळू लागली, ती मुलाने टॉवेल हलवून हलवून कशीबशी शांत केली. त्यानंतर ती बरणी चालकापुढच्या काचेशी उन्हात ठेवलेली असे, आणि इटलीचा किनारा अप्पांनी वहीवरून, सूनबाईंनी कॅमेऱ्यातून व काकूंनी बरणीच्या बाजूने पाहिला. वळण आले की त्या देखाव्याआधी बरणी सावरीत.

आता कुरुंद्यात रोज सायंकाळी त्या वहीचे वाचन चालते. अप्पा एकही रकाना गाळीत नाहीत. मंडळी ऐकून घेतात, कारण मध्येच नातू घरून बरणी आणि भाकरी घेऊन येतो. परवा तिसऱ्या बैठकीत वाचन कसेबसे मार्सेयला पोचले, हद्दीच्या मुद्द्यावर दोन तट पडले, एकाने हेगच्या निवाड्यावर अपील कोठे करता येते याची चौकशी केली. आणि तेवढ्यात नातवाने बरणी तिरपी करून दाखविली. खाली नुसता खार उरला होता.

"तेवढा खार सांडू नका म्हणली आज्जी," तो म्हणाला, "अन् बरणी पालथी घालून धाडा. हळद भरायचीय."