लाल दिव्याचे जयंतकाका

सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतल्या कॉलनीत कुणी नवा फोन घेतला की पहिला पेढा देवापुढे आणि दुसरा जयंतकाकांपुढे ठेवायची पद्धत आहे. देव निमूटपणे घेतो. काका पेढा तोंडात टाकतात, चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचतात, फोन तळहातावर तोलून बघतात आणि म्हणतात, "घेतलास? पंधरा दिवस थांबायचं होतंस."

पंधरा दिवसांनी काय होणार असतं? याच किमतीत याच्याहून चांगला फोन येणार असतो, नाहीतर सेल लागणार असतो, नाहीतर आतली चिप बदलणार असते. गंमत म्हणजे जे खरोखर पंधरा दिवस थांबून पुन्हा विचारायला येतात, त्यांनाही काका हेच सांगतात. स्वतः काकांचा फोन सहा वर्षांचा आहे. एका कोपऱ्यात काच तडकलेली, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. विचारलं तर शांतपणे म्हणतात, "मी थांबलोय."

काका इथल्याच एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले. बँकेत संगणक येणार म्हटल्यावर बाकीचे कर्मचारी निषेधसभेला गेले आणि काका खोकी उघडायला गेले. तेव्हापासून आजतागायत सांगलीत जे जे विजेवर चालतं, त्या सगळ्याबद्दल त्यांचं मत तयार असतं. मेगापिक्सेलवर त्यांचा विशेष राग. "108 मेगापिक्सेल म्हणतात आणि फोटो देतात बाराचा! नऊ ठिपके एकत्र करून एक ठिपका करतात. ही बेरीज बँकेत केली असती तर घरी पाठवलं असतं मला." त्यांच्या मते जगात एकच फोन परिपूर्ण झाला, 2003 सालचा नोकिया 1100. टॉर्च होता, धूळ आत जायची नाही, आणि जगभरात 25 कोटींच्या वर खपला. तो काकांकडे अजून आहे. कपाटात, मलमलच्या फडक्यात. मात्र तो कधी बिघडत नाही, म्हणून काका त्याला हातही लावत नाहीत.

काकांची खरी किल्ली इथे आहे. लोकांना वाटतं त्यांना नव्या वस्तूंचं वेड आहे. मुळीच नाही. त्यांना वेड आहे बिघाडाचं. नीट चालणारी वस्तू काकांच्या लेखी वारलेली असते. तिला हार घालावा, तिच्याशी बोलणार काय? दार उघडताच तुम्ही "काका, नवीन टीव्ही घेतला," म्हणालात तर ते "बरं" म्हणतात. "काका, टीव्ही चालेना," म्हणालात की चहा टाकायला सांगतात.

या वेडाचा सुवर्णकाळ म्हणजे 2005 नंतरची एकदोन वर्षं. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. वेग 256 केबीपीएस. सरकारच्या व्याख्येप्रमाणे तेव्हा तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हणायचे. (ती व्याख्या 2013 साली 512 वर गेली आणि 2023 साली 2 एमबीपीएसवर, हे काका पाढ्याच्या चालीत म्हणतात.) दिवसा डाउनलोडला मोजमाप होतं, पण रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. काकांनी तेव्हा लिनक्स उतरवून घ्यायचं व्रत घेतलं होतं. रात्री पावणेदोनचा गजर व्हायचा, काका उठून तोंड धुवायचे आणि दोनच्या ठोक्याला डाउनलोड सुरू करायचे. सुरुवातीला काकूंना वाटलं, माणूस निवृत्तीआधीच काकड आरतीला लागला.

लिनक्सची एक सीडी 700 एमबीची. आता हिशोब बघा. 256 केबीपीएसनं एक सेकंदही वाया न घालवता ती उतरायला सहा तास पाच मिनिटं लागतात. फुकटची मुदत सहा तासांची. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच मिनिटं कमी! आठ वाजता 98 टक्क्यांवर मीटर सुरू व्हायचं. त्या पाच मिनिटांचे पैसे भरून मोकळं व्हावं, असा विचार सामान्य माणूस करेल. काकांनी त्याऐवजी अर्धवट राहिलेली फाइल दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे सुरू करणारा डाउनलोड मॅनेजर शोधला. तो शोधायला तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांबद्दल काका ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात लोक आपल्या लग्नाबद्दल बोलतात. आज शंभर एमबीपीएसच्या वेगानं तीच सीडी छप्पन्न सेकंदांत उतरते. परवा त्यांच्या नातवानं ती उतरवून दाखवली. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "झालं? एवढंच?"

हा शंभरचा वेग आला तो फायबरबरोबर. कनेक्शन विकायला आलेल्या पोराला काकांनी पायरीवरच अडवलं. "शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती एमबी?"

"शंभर की, काका."

"साडेबारा! आठानं भाग. छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट."

पोरगं घाबरून म्हणालं, "काका, पाहिजे तर इन्स्टॉलेशन फ्री करतो, पण भागाकार नको."

फायबर आला आणि काकांना एक नवा देव सापडला: राउटरशेजारच्या डब्यावरचा एलओएस नावाचा दिवा. सगळं ठीक असताना तो विझलेला असतो. प्रकाश पोचला नाही की लाल होतो. कॉलनीत कुणाच्याही घरी "लाल लाइट लागली" असा फोन आला की काका चपला शोधायला लागतात. त्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्वतःसाठी एक पॉवर मीटर आणवून घेतला आहे. वायर त्यात घालतात, आकडा वाचतात: "उणे एकतीस! उणे सत्तावीसच्या खाली तो डबा काय ऐकणार?" मग कंपनीचा पोरगा येतो. तो काकांना बघितल्यावर गाडी स्टँडला लावायच्या आधीच सांगून टाकतो, "काका, उंदरानं कुरतडलीया."

"उंदीर नाही. तू खिळ्याभोवती वळसा दिलायस. आत काच आहे काच. एवढी वाकवलीस की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो."

वळसा सोडवला की दिवा विझतो. पोरगा सुटकेचा श्वास टाकतो आणि काकांचा चेहरा पडतो.

वाय-फायच्या बाबतीत काकांनी एकदा थेट सार्वजनिक कार्यात उडी घेतली. घरोघरी राउटर झाले आणि सगळ्यांच्या लहरी एकमेकांत घुसायला लागल्या. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा. काकांनी आलेखकागदावर कॉलनीचा नकाशा काढला आणि प्रत्येक बंगल्याला एकेक चॅनल वाटून दिला. सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीनंतर हाच विषय होता. भागवतवहिनींना सहा आला, त्यांना अकरा हवा होता, कारण अकरा शुभ. पाटीलसाहेबांचं म्हणणं, आपण सर्वात जुने सभासद, तर एक नंबर आपलाच. शेवटी टाकीचा प्रश्न आधी सुटला.

घरातली लढाई वेगळीच. काकूंनी मायक्रोवेव्ह लावला की काकांची मॅच अडकते. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "अगं, तुझा ओव्हन आणि माझं वाय-फाय एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत."

"मग भाजी तुमच्या वाय-फायवरच ठेवते," काकू म्हणाल्या. "तेवढीच वीज वाचेल."

शुभाकाकूंचं आणि यंत्रांचं नातं सरळ आहे. त्या बटण दाबतात. काकांनी हौसेनं स्मार्ट बल्ब आणला तेव्हा अडचण इथेच झाली. हा दिवा फोनवरून लावायचा असतो, पण त्यासाठी भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं. काकू झोपताना सवयीनं बटण बंद करायच्या, की हजार रुपयांचा दिवा ऑफलाइन. काकांनी बटणावर पट्टी चिकटवली: 'हे बटण दाबू नये.' परिणाम असा झाला की आलेला प्रत्येक पाहुणा आधी ते वाचायचा आणि मग काय होतं ते बघायला दाबायचा. नागठाण्याच्या मामांना रात्री बाथरूमला जायचं होतं. त्यांच्याकडे ॲप नव्हतं. अंधारात बादली पडल्याचा आवाज झाला, तेव्हा काका आतून ओरडले, "मामा, लॉगिन करून देऊ का?"

ॲपच्या बाबतीत मात्र काका सावध आहेत. अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचणारा हा माझ्या ओळखीतला एकमेव माणूस. बँकेत आयुष्य गेलेलं. सही करायच्या आधी वाचायचं, हे रक्तात आहे. टॉर्चच्या ॲपनं कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागितली तेव्हा ते कडाडले होते, "उजेड पाडायला याला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला?" यूपीआयवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. 2016 साली ते आलं, तेव्हापासून भडंगवाल्याच्या दुकानात उभं राहून पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत कसे जातात, हे ते मागच्या गिऱ्हाइकांना समजावतात. एकदा व्यवहार 'पेंडिंग' दाखवत राहिला, तेव्हा काकांनी तिथे अर्धा तास व्याख्यान दिलं. मध्येच गल्ल्यावरच्या डबीनं पैसे मिळाल्याचं जाहीर केलं. तरी काका हलेनात. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, आवाज आला. जावा आता."

कुणी म्हणेल, असल्या माणसाचा उपयोग काय? तर 2019 च्या ऑगस्टचं सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. 45 फूट म्हणजे धोका. आमच्या बाजूला पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि गावभागातले नातेवाईक, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे असं सगळं गाव आमच्या कॉलनीत आलं. प्रत्येकाच्या हातात मरायला टेकलेला फोन. त्या दिवशी काकांचं कपाट उघडलं. आतून पॉवर बँक निघाल्या, वेगवेगळ्या पिनांचे चार्जर निघाले, ज्या वायरी काकू दर दिवाळीला भंगारात घालायला निघायच्या त्या वायरी निघाल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर काकांनी चार्जिंगचं केंद्रच उघडलं. नोकिया 1100 फडक्यातून बाहेर आला आणि जिन्यात टॉर्च म्हणून टांगला गेला. वहीत नाव, फोनचा रंग, आणताना किती टक्के, नेताना किती टक्के, सगळं लिहिलेलं. फक्त एका बाबतीत काका अडून बसले. बाहेर महापूर असला तरी त्यांनी कुणालाही 80 टक्क्यांच्या वर चार्ज करून दिलं नाही. "शंभर करत बसलं की बॅटरीचं आयुष्य कमी होतं," असं ते ज्याला सांगत होते, तो माणूस आदल्या रात्री नावेतून आला होता.

हल्ली मात्र काकांचे दिवस वाईट आहेत. फायबर महिनोन्महिने पडत नाही. फोन हातातून पडले तरी फुटत नाहीत. कॉलनीतली लहान मुलंसुद्धा राउटर बंद करून पुन्हा चालू करायला शिकली आहेत. संध्याकाळी काका फेरी मारायला निघतात आणि फाटकापाशी थांबून विचारतात, "सगळं चालू आहे ना?" आपण "हो" म्हटलं की मान हलवतात आणि पुढच्या फाटकाकडे जातात. त्या प्रश्नात काळजी असते, असं नव्या भाडेकरूंना वाटतं.

मध्यंतरी शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर काका टीव्हीमागे पालथे पडले होते. दातांत टॉर्च, हातात वायर, चेहऱ्यावर तेज. मी स्वयंपाकघरात काकूंना विचारलं, "काय झालं?"

काकूंनी आवाज खाली आणला. "काही नाही रे. चार दिवस झाले, घरात सगळं नीट चाललंय म्हणून चिडचिड चालली होती. म्हणून मीच मगाशी एक वायर ढिली करून आले. अधूनमधून करते. दोन तास बरे जातात त्यांचे, आणि माझेही. बोलू नकोस हं."

परत जाताना काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. खुशीत होते. इकडेतिकडे बघून म्हणाले, "बिघाड कुठे होता माहितीय? लॅनची एक नंबरची पिन. शनिवारी, तीनच्या सुमाराला. राउटरच्या लॉगमध्ये सगळं येतं. दर वेळी शनिवार, दर वेळी तीन, मी आंघोळीला गेलो की."

मी गप्प.

"तिला सांगू नकोस, मला कळतं म्हणून. तिचा हिरमोड होईल." मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "फक्त दर वेळी तीच वायर काढते रे. एखाद्या वेळी दुसरी काढायला काय हरकत आहे? शोधायला जरा तरी वेळ लागायला हवा की नको?"