‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ यांना अनावृत पत्र

रा. रा. एजंटशेठ यांस,



पत्र उघडंच टाकतोय, कारण तुळिंज रोडवर जिथे तुमचं ऑफिस होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि तुमचा नंबर फिरवला की कुणीतरी बाई कर्ज हवंय का विचारते. धंदा मात्र जोरात आहे असं कळलं. सध्या म्हणे तुम्ही पेल्हारच्या बाजूला ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ विकता. सगळंच महागलंय, तुमची मिनिटंही वाढायचीच.

नालासोपारा पूर्वेला बिऱ्हाड केलेल्या माणसाला नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : “अरे, पण नीट बघून नाही का घेतलं?” शेठ, तुम्हीच सांगा त्यांना, आम्ही किती बघून घेतलं ते. लालबागची खोली सोडायची म्हटल्यावर घरात अखिल भारतीय पातळीची चर्चा झाली होती. काका डोंबिवलीच्या बाजूने : मराठी वस्ती, नाटकं, वाचनालयं. मावशीचा दिव्यासाठी आग्रह, कारण सावंतवाडीची गाडी तिथूनच सुटते. सणाला गावी जायचं तर दारातून बसा. बदलापूरला हवा चांगली, पण बहिणीची नोकरी अंधेरीला, मग रोज दादरच्या पुलावर चेंगरायचं कुणी? पनवेलचा भाव ऐकून बाबांनी दुसरा चहा मागितला. राहता राहिली पश्चिम रेल्वे. बोरिवली परवडत नाही म्हणून मीरा रोड, मीरा रोड परवडत नाही म्हणून वसई, असं करत एकेक स्टेशन मागे पडत गेलं. पागडीचे पैसे आणि बाबांचा फंड जिथे भावाला टेकले, तिथे आम्ही उतरलो. चर्चगेटपासून सुमारे छप्पन्न किलोमीटरवर. कुटुंबाने उपनगर निवडलं म्हणायचं ते याला.

आणि हे आमच्याच घरात झालं असं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावातली माणसं कुणी गावाला, कुणी या लाइनवर, कुणी त्या लाइनवर अशी पांगत गेली. उरलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना आज सरकार शेलू-वांगणीला घरं देऊ करतंय. ‘मुंबईतच घर हवं’ म्हणून जुलै २०२५मध्ये ती म्हातारी माणसं पुन्हा आझाद मैदानात उभी होती. तेव्हा माणसाला मुंबईपासून किती लांब टाकायचं हे ठरवणारे तुम्ही एकटेच नाही, मोठमोठी माणसं तुमच्याच धंद्यात आहेत. तुम्ही निदान स्वतः स्कूटरवरून दाखवायला नेता.

दाखवायला नेण्याची तुमची कला मात्र मानली. रविवार, दुपारचे दोन. त्या वेळेला विरार लोकलमध्ये चक्क खिडकीची जागा मिळते, तुळिंज रोड रिकामा असतो आणि स्टेशनपासून तुमच्या स्कूटरने खरोखरच पाच मिनिटं लागतात. सोमवारी रात्री साडेआठला शेअर रिक्षाच्या रांगेत तीच पाच मिनिटं कुठे जातात, याचा शोध अजून लागलेला नाही.

आईला तुम्ही पहिल्याच वाक्यात ‘काकू’ म्हणालात. गाव विचारलंत. राजापूर म्हटल्याबरोबर तुमचं आजोळ लांज्याला निघालं. “मग आपलीच माणसं की!” आईने लगेच डब्यातला लाडू पुढे केला. पुढे कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या सातारकरांसाठी तेच आजोळ कोरेगावला होतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या जौनपूरच्या कुटुंबासाठी तुमची सासुरवाडी जौनपूरची होती. राष्ट्रीय एकात्मतेसाठी एवढं फिरलेलं आजोळ दुसरं नसेल.

मग तुम्ही स्वयंपाकघरातला नळ सोडलात. काय धार होती! आईने ओंजळीत घेऊन चव बघितली, “गोड आहे” म्हणाली, आणि घर तिथेच ठरलं. लालबागला पहाटे उठून हंडे भरलेल्या बाईला वाहता नळ दाखवायचा, आणखी काय हवं? सकाळीच टँकरने खालची टाकी भरली होती आणि वॉचमनने पंप लावून वरची. हे वॉचमननेच सांगितलं, आम्ही राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. त्या पंपाचे पन्नास रुपये तुम्ही त्याला दिले नव्हते म्हणून. पन्नास रुपये वाचवायला गेलात शेठ, आणि अख्खं गुपित फुटलं.

सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला रोजचं १८५ दशलक्ष लिटर पाणी आहे, हे आम्ही पेपरात वाचतो. वाचून होईस्तोवर खाली टँकरचा हॉर्न वाजतो.

पाणी कधीच आलं नाही असं मात्र म्हणता यायचं नाही. १० जुलै २०१८ला ते न मागता आलं. वसई ते विरार रूळ बुडाले, वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकून पडली, प्रवाशांना खाणं पोहोचवायला एनडीआरएफला यावं लागलं. मिठागरं, खाजण आणि भातखाचरं यांच्यावर भराव टाकून माणसं वसवली की पाणी जुन्या पत्त्यावर येतं. तुमच्या जाहिरातीत त्याला बहुधा ‘लेक व्ह्यू’ म्हणत असतील.

जाहिरातीवरून आठवलं. तुम्ही मेट्रो विकलीत, बुलेट ट्रेनचं विरार स्टेशन विकलंत, विरार-अलिबाग कॉरिडॉर तर पार्किंगसकट विकलात. जे यायचं आहे ते सगळं विकलंत, पण जे इथे बावीसशे वर्षांपासून आहे ते विकायचं विसरलात. सोपारा म्हणजे शूर्पारक, प्राचीन बंदर. पलीकडे पश्चिमेला भगवानलाल इंद्रजींनी १८८२मध्ये स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच. ‘सम्राट अशोकाने पसंत केलेलं लोकेशन’ असं छापलं असतंत तर चौरस फुटाला शंभर रुपये सहज जास्त मिळाले असते. अर्थात मग कुणीतरी विचारलं असतं, की त्या काळचं लिहिलेलं अजून वाचता येतं, आणि तुमच्या फाइलमधली झेरॉक्स का वाचता येत नाही?

ती फाइल. प्लास्टिकची, पारदर्शक, बटणाची. तिच्यात सात-बारा होता, एनएचा कागद होता, बांधकाम परवानगी होती आणि प्रत्येकावर एकेक गोल शिक्का, इतका फिका की शिक्का आहे एवढंच कळावं. मूळ प्रत बिल्डरकडे. बिल्डर गावाला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, ‘प्रोसेसमध्ये’. बाबांनी राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज केला, तो परत आला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “बँकांचं काय, त्या मराठी माणसाला देतच नाहीत.” बाबांचा स्वाभिमान जागा झाला आणि त्या स्वाभिमानाच्या भरात आम्ही तुमच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीकडून दोन-तीन टक्के जास्त व्याजाने कर्ज घेतलं. बँकेने ‘नाही’ म्हणणं हा त्या संपूर्ण व्यवहारातला एकमेव खरा कागद होता. तोही तुम्ही आमच्याकडून मागून घेतलात, आठवतंय?

“पण रजिस्ट्रेशन झालंय ना!” हे तुमचं ब्रह्मास्त्र. झालंय. मुद्रांक शुल्क भरलं, अंगठे दिले, फोटो काढले. आईच्या नावावर घ्या, बाईमाणसाला एक टक्का सूट आहे, हाही सल्ला तुमचाच, आणि तो खरा निघाला. दुय्यम निबंधकाचं कार्यालय करार नोंदवतं. इमारत कायदेशीर आहे की नाही हे तपासून देणं त्याच्याकडे नसतं. महापालिकाही घरपट्टी घेते. अनधिकृत बांधकामावर वेगळी शास्ती लावायची तरतूदसुद्धा कायद्यात आहे, आणि ती भरली तरी बांधकाम अधिकृत होत नाही. म्हणजे सरकारदरबारी आम्ही पैसे भरताना आहोत आणि हक्क मागताना नाही. हे शास्त्र तुम्हाला कुणी शिकवलं, गुरूंचं नाव कळेल का?

आम्ही बघितलं ते सगळं डोळ्यांना दिसणारं होतं शेठ. लादी, नळ, शाळा, गाववाले, गणपतीचं मंडळ, तुळिंजचं महापालिकेचं रुग्णालय किती लांब. संसारी माणूस यातलं सगळं पारखू शकतो, आणि म्हणून तुम्ही तेवढंच दाखवता. जमिनीखाली काय लिहिलंय ते सर्व्हे नंबरात असतं आणि विकास आराखड्याच्या नकाशात असतं. त्याची चौकशी केली की तुम्हाला स्टेशनवर दुसरी पार्टी घ्यायला जायचं असतं.

आपल्या नालासोपाऱ्यातल्याच अग्रवाल नगरीजवळच्या त्या ४१ इमारती तुम्हाला ठाऊक असतीलच. जमिनीवर आरक्षण होतं सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आणि डंपिंग ग्राउंडचं. त्यावर चार-चार मजले उभे राहिले, फ्लॅट विकले गेले, दारात तुळशी लागल्या, पोरं शाळेत गेली. उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये सात पाडल्या, २३ जानेवारी २०२५पासून उरलेल्या ३४. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होणार होती. त्या लोकांनीही नीट बघूनच घेतलं होतं. लादी, नळ, शाळा. डंपिंग ग्राउंड दिसलं नाही, कारण ते नकाशावर होतं आणि तिथे त्यांचं स्वयंपाकघर होतं.

पुढे ईडी आली, छापे पडले, कोटींचे आकडे छापून आले. बेघर झालेली माणसं मात्र भाड्याने खोल्या शोधत होती. त्यांना खोल्या दाखवणारेही एजंटच होते, एक महिन्याचं भाडं दलाली.

काकांची डोंबिवली घेतली असती तर सुटलो असतो असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या. म्हणजे आमची वर्षभराची चर्चाच व्यर्थ होती. आम्ही लाइन कुठली, स्टेशन कुठलं यावर भांडत होतो, आणि तुमची माणसं प्रत्येक स्टेशनवर आधीच उतरलेली होती. आमच्याच वसई तालुक्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ चळवळीतले लोक एकेक वाडी वाचवायला रस्त्यावर आले होते. जमीन काय असते हे सांगणारी माणसं होती इथे. पण त्यांना कोण विचारतो, ते काही शनिवारी घर दाखवायला नेत नाहीत.

विरार पूर्वेच्या रमाबाई अपार्टमेंटबद्दल तुमच्याशी थट्टेत बोलता येत नाही. इमारत २०१२ची. २६ ऑगस्ट २०२५च्या रात्री, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते तेव्हा, तिचा भाग कोसळला. सतरा माणसं गेली. तेरा वर्षांची इमारत होती. तिथलेही फ्लॅट कुणीतरी दाखवले असतील, कुणीतरी ‘काकू’ म्हणालं असेल.

आमची इमारत अजून उभी आहे. दर पावसाळ्याच्या आधी सोसायटीच्या बैठकीत (सोसायटीची नोंदणी झालेली नाही, बैठक मात्र होते) स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघतो आणि वर्गणीवर येऊन थांबतो. सकाळी सातला आम्ही उलटे विरारला जातो, तिथे गाडीत जागा धरतो आणि बसून पुन्हा नालासोपाऱ्यावरून अंधेरीकडे निघतो. घरावरून गाडी जाताना खिडकीतून गच्चीवरची टाकी दिसते. ती भरलीय की नाही हे अंतरावरून ओळखायला आम्ही शिकलोय. तुळिंज आम्हाला आवडायला लागलंय, हा तुमच्यासाठी वाईट निरोप. माणसं चांगली आहेत. भाजी ताजी मिळते. अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत दारं उघडतात. तुम्ही विकलेल्या गोष्टींत ही एक नव्हती, त्यामुळे तिचं कमिशन मागू नये.

टोकनचे अकरा हजार परत मागत नाही. फाइलमधली मूळ कागदपत्रं कुठे आहेत तेवढं कळवा, आणि बिल्डर गावाहून आला असल्यास तेही.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपला,
बी विंग, दुसरा मजला

ता. क. : हे शेठसाठी नाही, सध्या शनिवार-रविवारी घरं बघत फिरणाऱ्यांसाठी आहे. लादी बघण्याआधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या जागेवर कुठलं आरक्षण आहे ते लेखी मागा. परवानगीचा आणि ओसीचा क्रमांक एजंटच्या झेरॉक्सवरून मानू नका, पालिकेच्या दप्तरातून पडताळा. रेरा क्रमांक असला तरी हेच करा. सरकारी बँक कर्ज नाकारत असेल तर कारण विचारा आणि त्यावर विश्वास ठेवा. घर बघायला कामाच्या दिवशी रात्री जा, स्टेशनवरून शेअर रिक्षाने. वॉचमनला चहा पाजा. आणि एजंटचं आजोळ तुमच्याच तालुक्यात निघालं, तर टोकन खिशातच ठेवा.