ब्लॉगवाले सर

औंढ्यात 'ब्लॉगवाले सर' म्हटलं की कुणीही झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट दाखवतं. सर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत; पण ज्याच्याशिवाय फॉर्म भरला जात नाही, त्याला सर म्हणायची आपल्याकडे रीत आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, पासपोर्ट फोटो, आणि यांतून उरलेल्या वेळात पाच ब्लॉग. नोकरभरतीचा, शेतीचा, देवदर्शनाचा, घरगुती औषधांचा आणि कवितांचा. प्रत्येकाचा संपादक वेगळा, प्रतिनिधी वेगळा, तज्ज्ञ वेगळा. बनियन मात्र एकच.

टिळक-आगरकर मंडळींनी १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' एकदमच काढले. दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, सर हा दाखला देतात आणि नम्रपणे पुढे जोडतात, "त्यांचे दोनच होते."

पाच ब्लॉगांना रोज पाच बातम्या कुठून आणायच्या? सर एकच आणतात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या तालुक्यातल्या लिगो प्रकल्पाला मंजुरी दिली. २६०० कोटींचा खर्च, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याचं काम. त्याच संध्याकाळी भरतीच्या ब्लॉगवर आलं, 'लिगोमध्ये मेगाभरती? लगेच वाचा'. शेतीच्या ब्लॉगवर, 'लहरींचा हळदीवर परिणाम होणार का? तज्ज्ञ म्हणतात...' देवदर्शनाच्या ब्लॉगला तर पर्वणीच: 'ज्योतिर्लिंगाजवळच लहरी का? शास्त्रज्ञही थक्क!' औषधांच्या ब्लॉगवर लहरींनी डोकं दुखल्यास लावायचा सुंठीचा लेप. आणि कवितांच्या ब्लॉगवर 'लहरी' याच नावाची कविता, तीही प्रेमाची. भरती निघाली नव्हती, हे भरतीच्या लेखात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. तिथवर कुणी पोचत नाही, याची सरांना खात्री असते.

विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि नामदेवांनी ते उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड प्रकटे, ही कथा औंढ्याचीच. सरांच्या ब्लॉगांचंही तसंच आहे. 'सविस्तर इथे वाचा' दाबा, दुसरा ब्लॉग. तिथलं दाबा, तिसरा. कुठेही बोट ठेवा, खाली सरच.

मागे एक म्हातारबा किसान योजनेचा हप्ता विचारायला आले होते.

"ब्लॉगवर टाकलंय बाबा. लिंक पाठवतो."

"मला तोंडानं सांगा की."

"तोंडानं सांगितलं तर व्ह्यू कसा यायचा?"

शेवटी सरांनी म्हातारबांच्याच मोबाईलवर लेख उघडला, जाहिरात संपेपर्यंत दोघे थांबले आणि मग सर स्वतःचंच लिखाण मोठ्यानं वाचू लागले. हप्त्याची तारीख त्यात नव्हती. 'लवकरच' होतं. म्हातारबांनी विचारलं, "हे कुणी लिवलंय?" सर गंभीरपणे म्हणाले, "आमची टीम आहे."

कमाईचं विचारू नये. शंभर डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही आणि सर बरेच दिवस नव्वदीच्या घरात रेंगाळताहेत. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पटींनी सूक्ष्म हालचाल लिगो टिपते म्हणतात. आपली लिगो सुरू झाली की सरांच्या खात्यातली रोजची वाढ दिसू लागेल. तरी माणूस खचलेला नाही, हे मात्र मानलं पाहिजे. रात्री शटर अर्धं ओढून, झेरॉक्स मशीनवर चहाचा कप ठेवून, एका बोटानं टंकत बसलेले सर पाहिले की हसू येतं, आणि थोडा हेवाही वाटतो.

यंदा पोरगा दहावीला होता. निकालाच्या दिवशी त्यानं बापाच्याच ब्लॉगवर 'निकाल इथे पाहा' दाबलं. हळदीचे भाव आले. पुढचं दाबलं, सुंठीचा लेप आला. आणखी पुढे नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची आणि नंदी मागेच राहिल्याची कथा आली. अखेर शेजारच्यांच्या मोबाईलवर कळलं की पास झाला.

संध्याकाळपर्यंत बातमी पाचही ठिकाणी झळकली. भरतीच्या ब्लॉगवर तो भावी अधिकारी, देवदर्शनाच्या ब्लॉगवर नागनाथाचा निस्सीम भक्त, औषधांच्या ब्लॉगवर रोज भिजवलेले बदाम खाणारा गुणवंत आणि कवितेत थेट सूर्य. शेतीच्या ब्लॉगवर मथळा होता, 'शेतकरीपुत्राची गगनभरारी'. बाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि आतूनच विचारलं, "अहो, आपलं वावर कुठंय?"